ड्रोनला दिसलं नाही, म्हणजे बिबट्या नाही?

जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या शोधासाठी थर्मल कॅमेरा लावलेले ड्रोन उडवले जातात. "ड्रोन फिरला, काही दिसलं नाही" असं कानावर आलं, की आम्ही बाया खुरपं घेऊन निर्धास्त फडात शिरतो. म्हणून आज या कॅमेऱ्याच्या नजरेविषयी बोलूया.

हा कॅमेरा उजेड पाहत नाही, ऊब पाहतो. आजूबाजूपेक्षा जे गरम, ते पडद्यावर उठून दिसतं.

त्याची नजर किती तीक्ष्ण, हे विकण्याआधी तपासतात. त्याची जुनी रीत अशी: चार उभ्या फटी कापलेला पत्रा, त्यामागे गरम पाटी. दोन्हींच्या तापमानातला फरक कमी करत न्यायचा आणि फटी कुठवर दिसतात, ते माणसानं पडद्यावर बघून सांगायचं. पण एकीला दिसतं ते दुसरीला दिसत नाही, आणि डोळेही थकतात. म्हणून आता हे मोजमाप संगणकाकडून करून घेतात. कॅमेऱ्यासमोर ठरावीक तापमानाची काळी पाटी ठेवायची. संगणक एकामागून एक चित्रं घेतो, पाटीचं तापमान बदलतो, पुन्हा घेतो. पाटी सगळीकडे सारखीच गरम असताना चित्रात किती मुंग्या येतात, कुठला ठिपका बंद पडलाय, हे तो न थकता मोजतो. चांगल्या कॅमेऱ्याला ०.०५ अंश सेल्सिअस इतका बारीक फरकही कळतो.

मग एवढी तीक्ष्ण नजर चुकते कुठं? परीक्षा झाली खोलीत, काम आहे शेतात. उन्हाळ्यात भर दुपारी माती जनावराच्या अंगाइतकी, कधी त्याहून जास्त तापते. फरकच उरला नाही तर कॅमेरा दाखवणार काय? आणि पानांच्या आरपार त्याला दिसत नाही. दाट उसात दबून बसलेलं जनावर झाकलंच जातं. धुकं-पाऊसही आड येतो. रात्री आणि पहाटे, जमीन निवलेली असताना, त्याला जास्त स्पष्ट दिसतं.

म्हणून आमच्या गटानं दोन प्रश्न विचारायचं ठरवलंय: ड्रोन किती वाजता उडवला? तिथला ऊस किती वाढलेला होता? "दिसला" म्हटलं, तर माघारी फिरायचं. "दिसला नाही" म्हटलं, तरी एकटीनं शिरायचं नाही. जोडीनं जायचं, मोठ्यानं बोलत राहायचं, बाकीच्या वाकून काम करत असताना एकीनं उभं राहून लक्ष ठेवायचं. लेकरांना बांधावर एकटं सोडायचं नाही.

यंत्राची परीक्षा संगणकानं घेतली. फडात शिरायचं की नाही, ते मात्र आपण ठरवायचं.