न मरणारी म्हैस

(तंजावूर राजवाडा परिसरात पहिल्या पिढीतल्या पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथं आले ती सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद वाचायला. पण काल पाय अडकले ते बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीपाशी. तिथं 1803 साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला मराठी शिलालेख आहे. त्यात भोसल्यांचा इतिहास आहे, राजांची नावं आहेत. त्याच्या सुमारे आठशे वर्षं आधीचे राजराज चोळाचे तमिळ लेखही तिथंच आहेत. त्यांत गुराख्यांची नावं आहेत.

गुराख्यांची नावं दगडावर कशी आली? सन्मान म्हणून नव्हे. देवापुढचा एक दिवा अखंड तेवावा म्हणून 96 मेंढ्या, किंवा 48 गाई, किंवा 16 म्हशी त्यांच्याकडे सोपवल्या जात. बदल्यात रोज एक उळक्कु तूप द्यायचं. चोळकाळात अशा जनावरांना 'न मरणारी, न म्हातारी होणारी' म्हणत. म्हैस मरो की भाकड होवो, तूप चुकता कामा नये. ती नावं म्हणजे देणेकऱ्यांची यादी.

हे कळलं आणि मला माझी आई आठवली.

आमच्या दोन म्हशी होत्या. जमीन नव्हती, वैरण बांधावरची, नाहीतर विकतची. गावात आमच्या दुधाचा रतीब कुणी लावत नसे. संकलन केंद्रावर मात्र सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये पडायचं. यंत्र फॅट मोजायचं, जात मोजत नव्हतं. माझ्या कॉलेजसाठी आईनं दोन्ही म्हशी विकल्या. आज मला पगार आहे, आणि पहाटे चारला जाग येते. धारेचा आवाज कानात येतो. परत गोठा घालावा, असं फार वाटतं.

तुमच्यातल्या कितीकांना असंच वाटत असेल. त्यांना मी सांगेन, आठवणीतली म्हैसही चोळांच्या म्हशीसारखीच असते. ती मरत नाही, आटत नाही, पेंड मागत नाही. आईच्या म्हशी मात्र महिनोन्महिने भाकड असायच्या, आणि तेव्हाही खायच्या. तो काळ ती उधारीवर काढायची.

आणखी एक गोष्ट विसरू नका. मेलेलं ढोर ओढणं आमच्या वाट्याला लादलं गेलं. जिवंत जनावराचं दूध विकायला मात्र आम्ही विटाळ. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. त्यांनी लादलेलं काम सोडायला सांगितलं, कष्ट सोडायला नव्हे. म्हणून गोठ्याकडे परतणं म्हणजे मागं जाणं, असं मी मानत नाही. पण परतायचं तर अटी आपल्या हव्यात.

पहिली अट जमिनीची. 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. चाऱ्यापुरता तुकडा नसेल, तर गोठा सावकाराचा होतो. दुसरी, वही घरातल्या बाईच्या नावावर. धार ती काढते, पैसेही तिच्या खात्यात. तिसरी, भाकड काळाचा खर्च दुधाच्या दरात धरलेला असावा. चौथी, संस्थेच्या संचालक मंडळात आपली माणसं. दूध एका कॅनमध्ये पडलं, पण दर ठरवणाऱ्या खुर्च्या एका जागी आल्या नाहीत.

काल रात्री आईला फोनवर विचारलं, "म्हैस घेऊ का?" ती म्हणाली, "घे. पण आधी वैरण कुठली ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायलाच आपण शिकलो, असं मला वाटतं.

जय भीम.