गंजलेल्या मोटारीचा जीर्णोद्धार



शाळामास्तरानें मोटारीवर बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. मी मॅट्रिक झालेला आणि सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत घालविलेला मनुष्य. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशीं नाहीं, आणि रसायनशास्त्र म्हणाल तर सातवीच्या वर्गाला पुरेल एवढेंच. परंतु निवृत्तीनंतर साडेतीन वर्षें मीं घरच्या अंगणांत एक गंजून गेलेली गाडी पुन्हां उभी करण्यांत घालविलीं. त्या खटाटोपांत मला जें कळलें, त्यांतील कांहीं भाग, ज्यांच्या दाराशीं अशी एखादी गाडी ताडपत्रीखालीं पडून आहे त्यांच्या उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हें धाडस करीत आहें.

गाडी १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी. मुळांत ही इटलींतील फियाट ११००. तिकडे ह्या घडणीची गाडी १९५३ सालीं प्रथम बाहेर पडली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें ती कुर्ल्याच्या कारखान्यांत बनविली, आणि पुढें तिला पद्मिनी हें नांव मिळालें. चार सिलिंडरांचें १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतच गिअरचा दांडा, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हटली कीं अजूनहि हीच डोळ्यांपुढें उभी राहते. त्या टॅक्सींपैकीं अगदीं शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्यें वयोमर्यादा भरल्यामुळें रस्त्यावरून उतरली.

मीं माझी गाडी १९९४ सालीं रत्नागिरीस नोकरींत असतांना एका डॉक्टरांकडून जुनीच विकत घेतली. रत्नागिरीचा पाऊस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या वर, आणि वारा खारा. दहा वर्षांत पत्र्यावर जिकडे तिकडे फोड दिसूं लागले. २००४ सालीं मीं ती एका कारखान्यांत दिली. पंधरा दिवसांनीं ती अशी कांहीं तकतकीत होऊन आली कीं शेजारचे लोक पाहावयास आले. मीहि खूष होऊन पैसे मोजून दिले.

२००६ च्या पावसाळ्यांत आम्ही गणपतीसाठीं गांवीं निघालों होतों. हातखंब्याच्या अलीकडे एका खड्ड्यांत गाडी आदळली. आमच्या सौभाग्यवतींनीं तोल सांवरण्यासाठीं पाय जोरानें खालीं टेकला, तों टांच पत्र्यांतून आरपार! मीं ब्रेक दाबला म्हणून पायच वांचला. घोट्याला चार टांके पडले आणि चप्पल मागें रस्त्यावर राहिली. सौभाग्यवतींनीं त्या दिवशीं एकच वाक्य उच्चारलें: "ह्या गाडींत मी पुन्हां बसायची नाहीं." पुढें सतरा वर्षें त्यांनीं तें अक्षरशः पाळलें.

घरीं येऊन गालिचा उचलून पाहिला. पायांखालीं जेथें पत्रा असावयास हवा होता, तेथें डांबरांत बुडविलेलें गोणपाट होतें. त्यावर लांबीचा जाड थर आणि त्यावर रंगाचा हात. त्या कारखान्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. अर्धा दोष माझाच होता. मीं रंग पाहिला आणि आंत काय आहे हें विचारलें नाहीं. गाडी त्यानंतर शेडमध्यें पडून राहिली, ती मी निवृत्त होऊन साताऱ्यास येईपर्यंत.

गंज म्हणजे काय, हें आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेलें असतें. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं एकत्र आलीं कीं गंज चढतो, आणि पाण्यांत मीठ असलें म्हणजे हें काम फार झपाट्यानें होतें. परंतु खरी मेख पुढें आहे. अल्युमिनियमच्या भांड्यावरहि हवेनें थर चढतो. पण तो घट्ट चिकटून राहतो आणि आंतल्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो, खपल्या होऊन सुटतो आणि खालचें ताजें लोखंड उघडें करतो. शिवाय मूळच्या लोखंडापेक्षां तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून जेथें दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतात, त्या फटींत गंज धरला कीं तो पत्रे फुगवून अलग करतो. आपणांस बाहेरून रंगाला आलेला एक फोड दिसतो. तोंपर्यंत आंतून काम संपलेलें असतें.

ही गोष्ट एरवीं केवळ शोभेची ठरली असती. परंतु पद्मिनीसारख्या गाडीला मालमोटारीप्रमाणें निराळी जाड चौकट नसते. पत्र्याची पेटी हीच तिची चौकट. दारांखालीं दोन्ही बाजूंना जे पोकळ उंबरठे असतात, त्यांवर आणि बैठकीखालच्या पत्र्यावर सगळा भार असतो. ह्या उंबरठ्यांना तळाशीं पाणी निथळण्यासाठीं बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. चिखलानें तीं बुजलीं कीं पावसाचें पाणी आंत सांचून राहतें. जुनी गाडी बाळगणाऱ्या मनुष्यानें पावसाळ्यापूर्वीं एक काडी घेऊन हीं भोंकें मोकळीं केलीं, तर माझ्या ह्या भाषणाची त्यास गरज राहणार नाहीं.

कामास आरंभ केला तो एका नालचुंबकानें. वर्गांत मुलांना टांचण्या उचलून दाखवीत असें, तोच हा चुंबक. त्याला पातळ रुमाल गुंडाळून मी गाडीच्या सर्वांगावरून फिरवीत गेलों. जेथें खरा पत्रा तेथें तो चट्कन चिकटे, आणि जेथें लांबी भरलेली तेथें निसटून खालीं पडे. जेथें पडे तेथें मी खडूनें फुली करीं. दोन तासांनीं गाडीकडे पाहिलें, तर नापास मुलाच्या उत्तरपत्रिकेसारखी ती दिसत होती. डावा उंबरठा तर इकडून तिकडे एकच लांबलचक फुली.

पत्रा जोडण्याचें काम मला येत नाहीं. तें शेजारच्या गल्लींतील, खिडक्यांचे गज आणि फाटकें बनविणाऱ्या एका कारागिरानें केलें. मनुष्य हाताचा चांगला, परंतु फुल्या पाहून तो म्हणाला, "गुरुजी, एवढें कापायला कशाला पाहिजे? वरून पत्रा मारतों, लांबी भरतों. कुणाला दिसणार नाहीं." मीं त्याला हातखंब्याची हकीकत सांगितली. त्यानंतर त्यानें पुन्हां तो विषय काढला नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. उंबरठा कापला कीं गाडीची पेटी मधोमध वांकूं पाहते. म्हणून आम्हीं गाडी चार ठिकाणीं भक्कम टेकूंवर घेतली, दारांच्या चौकटींत लोखंडी आडव्या पट्ट्या तात्पुरत्या जोडल्या, आणि एका वेळीं एकाच बाजूचा उंबरठा कापला. नवा पत्रा बसवितांना दर वेळीं दार अडकवून, लावून, उघडून पाहिलें. ही सावधगिरी न घेतल्यास सगळें जोडून झाल्यावर दार लागेनासें होतें, आणि मग केलेलें सर्व पुन्हां तोडावें लागतें. जोड देतांनाहि सलग शिवण घालीत गेल्यास उष्णतेनें पातळ पत्रा वेडावांकडा होतो. म्हणून येथें एक टांका, तेथें एक टांका, असें सावकाश करावें लागतें. पेट्रोलची टाकी आम्हीं आधींच काढून गच्चीवर नेऊन ठेवली होती. टाकी रिकामी आहे, मग भीति कसली, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः भरलेल्या टाकीपेक्षां रिकाम्या टाकींतली वाफ अधिक घातक असते. ठिणगी पडली तर ती स्फोट पावते.

लहान भागांचें काम मात्र माझ्या आवाक्यांतलें होतें. बिजागऱ्या, कड्या, बंपरचे आंतले आधार हे भाग प्लास्टिकच्या टपांत पाणी भरून मीं बुडविले. पाण्यांत दर लिटरास चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी भरण्याच्या १२ व्होल्टच्या यंत्राची ऋण तार गंजलेल्या भागाला, आणि धन तार एका टाकाऊ लोखंडी तुकड्याला. रात्रभरांत गंज काळा पडून मऊ होतो व ब्रशानें निघून जातो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाहीं. ह्यांत हायड्रोजन निघतो, म्हणून हें काम उघड्यावरच करावें. धन तारेला स्टेनलेस स्टीलचा चमचा कधींहि लावूं नये, कारण त्यापासून पाण्यांत क्रोमियमचें विष उतरतें. अल्युमिनियमचे भाग सोड्यांत विरघळतात. आणि स्प्रिंगांसारख्या कडक पोलादाच्या वस्तु ह्या प्रयोगापासून दूर ठेवाव्यात; हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होतात. पहिल्या रात्रीं मी तीन वेळां उठून टपांत डोकावून आलों, हें आतां सांगावयास हरकत नाहीं.

गंज काढल्यावर उघडें लोखंड तासाभरांतहि पुन्हां तांबूस पडूं लागतें. त्यावर फॉस्फरिक आम्लाचें पाणी लावतात. त्यानें राहिलेल्या गंजाचें फॉस्फेट बनतें, आणि तें पृष्ठाला धरून राहतें. दिल्लीस मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें पावसांत उभा आहे, त्याचें मर्म असेंच आहे. कानपूरच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक बालसुब्रमण्यम् यांनीं दाखविलें कीं त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर फॉस्फेटचें पातळ संरक्षक कवच बनलें आहे. मोटारीच्या पत्र्यांत तेवढा फॉस्फरस नसतो. तो आपण बाटलींतून आणावयाचा. त्यावर जस्ताचा रंग दिला, कारण ओरखडा पडला तरी लोखंडाआधीं जस्त स्वतः झिजतें. उंबरठ्यांच्या पोकळींत नळीनें पातळ मेण फवारलें. तें कोणाला कधींच दिसणार नाहीं.

आतां फेरफारांचा प्रश्न. आमचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत आहेत. सुट्टीच्या दिवशीं येऊन त्यांनीं ब्रेकचे रबर, नळ्या, अस्तरें, सारें नवें बसविलें. सुटे भाग बहुतेक कुर्ल्याच्या भंगार बाजारांतून आणले. जेथें गाडी जन्मली तेथेंच तिचे अवयव मिळाले. परंतु चिरंजीवांच्या मनांत आणखीहि कांहीं होतें. गाडी खालीं बसवावी, रुंद टायर घालावे, वर लाल रंग द्यावा. मीं विरोध केला. रुंद टायरांनीं स्टिअरिंग जड होतें, बेअरिंगांवर ताण येतो, आणि खालीं बसविलेली गाडी आमच्या गल्लींतल्या गतिरोधकावरच अडेल. कायदाहि माझ्या बाजूनें होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें मूळ घडणींत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें आहे.

मग चिरंजीव म्हणाले, "बरें, पट्टे तरी बसवूं." ह्या गाडीला सुरक्षा-पट्टे मुळांतच नव्हते, आणि जें मुळांत नाहीं तें नको, असा माझा हट्ट. "बाबा, तुम्हांला गाडी जशी होती तशी हवी, कीं आई बसेल अशी हवी?" ह्या प्रश्नावर मजजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं पट्टे आणले. ते नुसते पत्र्याला भोंक पाडून बसवून चालत नाहीं. धक्क्यानें बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून पत्र्यामागें ३ मिलिमीटर जाडीचे तुकडे जोडून मग त्यांत बोल्ट घेतले. नव्या उंबरठ्यांमुळेंच तें शक्य झालें. जुन्या पत्र्यांत असे पट्टे म्हणजे डांबरी गोणपाटाचाच दुसरा प्रकार झाला असता.

रंगाचा वाद गाडीनेंच मिटविला. खरवडतांना वर मोतिया, त्याखालीं फिकट निळा, आणि अगदीं तळाशीं गर्द हिरवा रंग लागला. समोरच्या फळीमागें हा हिरवा जशाचा तसा होता. तोच दिला. नोंदणीपुस्तकांत मोतिया रंग लिहिलेला असल्यामुळें त्या बदलाची नोंद करवून घ्यावी लागली, आणि २००८ सालीं संपलेली गाडीची नोंदणीहि दंड भरून, तपासणी करवून नवी करावी लागली. बाजारभावानें पाहिल्यास हा सारा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. एवढ्या पैशांत चालती, नव्यासारखी गाडी आली असती, हें मला ठाऊक आहे.

२०२३ च्या दिवाळींत गाडी प्रथम दाराबाहेर काढली. सौभाग्यवती ओट्यावर उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आंत जाऊन माझा नालचुंबक घेऊन आल्या, पुढचें दार उघडून वांकल्या, आणि पायांखालच्या पत्र्यावर त्यांनीं तो स्वतः चार ठिकाणीं लावून पाहिला. चारही ठिकाणीं तो चिकटला. मग त्या बसल्या आणि पट्टा कसा लावतात हें त्यांनीं मुलाला विचारलें. कास रस्त्यानें आम्ही यवतेश्वरापर्यंत जाऊन आलों. जातांना सबंध चढावभर त्यांनीं दोन्ही पाय जमिनीपासून वर धरले होते; येतांना टेकले.

मागच्या डाव्या दाराची कांच अजून अर्ध्यावर अडकते. तिचा एक दांता झिजला आहे, आणि तो कुर्ल्यास मिळतो का हें पाहण्यासाठीं येत्या रविवारीं चिरंजीव जाणार आहेत.