आधी माणसं मोजा

ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा असं सॉफ्टवेअर. ते भरवशाचं आहे का, हे ठरवताना आपण बहुधा किती लोक वापरतात एवढंच पाहतो. फाइली आवळून लहान करणारं ‘एक्सझेड युटिल्स’ जगभरच्या लिनक्स यंत्रणांमध्ये होतं. सांभाळणारा मात्र मुख्यतः एकच माणूस, तोही फावल्या वेळात, बिनपगारी. ‘जिया टॅन’ या नावाने मदतीला आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास मिळवला आणि 2024 मध्ये 5.6.0 या आवृत्तीत चोरवाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून निभावलं!

तेव्हा आधी माणसं मोजा. कोड कितीजण लिहितात यापेक्षा नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार कितीजणांकडे आहे? ते सगळे एकाच कंपनीचे पगारदार तर नाहीत? मग सुरक्षेतली त्रुटी कळवायची ठरलेली सोय आहे का, जुनी आवृत्ती कधीपर्यंत सांभाळणार, हे पाहा. परवानाही वाचा.

नव्या आवृत्त्या सतत याव्यात, हा हट्ट मात्र मला पटत नाही. डोनाल्ड क्नूथ यांचं ‘टेक’ हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर घ्या. त्याचा आवृत्ती क्रमांक दर दुरुस्तीला ‘पाय’च्या किमतीकडे एक अंक सरकतो. 2021 मध्ये तो 3.141592653 झाला, पुढची डागडुजी त्यांनी 2029 साठी ठेवली आहे.