चुलीचा धूर आणि पाटणची फुप्फुसे



हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे महानगरांतील धुराडी आणि मोटारींच्या रांगा येतात. पाटणसारख्या डोंगरी तालुक्याची हवा निर्मळ, अशी आपली समजूत. उंबरठ्याबाहेर ती बरीचशी खरी आहे. आत ती टिकत नाही.

आषाढ-श्रावणात कोयना खोऱ्यात पावसाची झड लागते. जळण ओलसर राहते, दारे लावून घ्यावी लागतात, आणि फुंकणी घेतलेली बाई धुमसत्या चुलीपुढे बसते. अपुऱ्या ज्वलनाच्या या धुरात अडीच मायक्रॉनहूनही बारीक कण असतात. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात. वर्षानुवर्षे हे चालले की श्वासनलिका सुजून अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि झिजलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. औषधाने दम थोडा हलका होतो, इतकेच. दवाखान्यात पहिला प्रश्न मात्र तंबाखूचा! जन्मात बिडीला न शिवलेल्या बाईचा खोकला मग वयाच्या खात्यावर जमा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. आफ्रिकेतील झोपडीत आणि पाटणच्या वाडीत रोग एकच, कारण त्याचे मूळ गरिबीत आहे.

कोयनेची वीज १९६२ पासून वाहू लागली. तिच्यासाठी खोऱ्यातील गावे शिवसागर जलाशयाखाली गेली, राज्यातले कारखाने चालले. चूल होती तेथेच राहिली. १९८०च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींची मोहीम काढली. बांधलेल्या चुली मोजल्या गेल्या. दोन वर्षांनी त्यांतल्या किती पेटत होत्या, याची फिकीर कोणाला होती? २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडण्या मिळाल्या. परंतु जोडणी एकदाच मिळते, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते, आणि रानातली काटकी फुकट असते. रोजंदारीवरील बाईने कोणता हिशेब करावा?

कार्यकर्ते ओसरीवर बसून चहा घेतात; तो ज्या खोलीतून येतो तेथे फारसे कोणी डोकावत नाही. यापुढे प्रत्येक वाडीत तीन प्रश्न विचारले जावेत: टाकी वर्षात किती वेळा भरली, धुराला वाट आहे काय, आणि खोकणाऱ्या बाईचा श्वास यंत्रावर कधी मोजला गेला काय. ही उत्तरे घेऊन ग्रामसभेत आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे उभे राहावयाचे आहे.