पडद्यावरील बटण : रूप आणि वर्तन

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण मराठी माणसाला सावधगिरी शिकवते. संगणकाच्या पडद्यावर मात्र तिचा अर्थ उलट बाजूने घ्यावा लागतो. तेथे जे दिसते तसेच असले पाहिजे. तसे नसेल तर दोष फसणाऱ्याचा नसतो, पडदा रचणाऱ्याचा असतो.

समजा, एखादी वृद्ध महिला दाखल्याचा अर्ज भरण्यासाठी नातवाला घेऊन संगणकासमोर बसली आहे. सर्व रकाने भरून झाले. खाली 'सादर करा' असे बटण आहे, पण ते फिकट करड्या रंगाचे आहे. नातू ते दाबून पाहतो. काहीच घडत नाही. वर कोठेतरी एक रकाना रिकामा राहिला आहे, परंतु तसे पडदा सांगत नाही. दोघे निमूटपणे घरी जातात आणि दिवसाची मजुरी बुडते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नामंजूर झालेल्या अर्जाची निदान नोंद होते, त्यावर अपील करता येते. सादरच न झालेल्या अर्जाची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने सेवेसाठी मुदत ठरवून दिली आहे. पण ती मुदत मोजायला अर्ज आधी पोहोचावा लागतो. एका बटणाची मांडणी हा म्हणूनच केवळ तंत्रज्ञांच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

घटक म्हणजे काय?

पडद्यावरील बटण, मजकूर लिहिण्याची चौकट, खूण करण्याचा चौकोन, खाली उघडणारी यादी, सरकपट्टी या सर्वांना संगणकाच्या परिभाषेत 'विजेट' म्हणतात. मराठीत त्यांना 'घटक' म्हणता येईल. विजेट या शब्दाची कथा गमतीची आहे. १९२४ सालच्या 'बेगर ऑन हॉर्सबॅक' या अमेरिकन नाटकात एका कारखान्यात 'विजेट' तयार होतात. ते नेमके काय असते, हे मात्र कोणी सांगत नाही. पुढे कोणत्याही काल्पनिक मालाला हे नाव पडले आणि १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संगणकतज्ज्ञांनी पडद्यावरील घटकांसाठी ते उचलले.

वस्तू मात्र नावाहून जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस जाहीरपणे चालवून दाखविला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याच कंपनीचा 'स्टार' हा संगणक १९८१ साली बाजारात आला. स्टारच्या कळफलकावर 'गुणधर्म' दाखविणारी एक स्वतंत्र कळ होती. पडद्यावरील कोणतीही वस्तू निवडून ती कळ दाबली की त्या वस्तूचे गुणधर्मपत्रक उघडे आणि त्यातील नोंदी बदलल्या की वस्तूचे रूप बदले. प्रत्येक वस्तूला गुणधर्म असतात व ते पाहता आणि बदलता येतात, ही कल्पना आजही सर्व पडद्यांच्या मुळाशी आहे.

एका बटणाचे गुणधर्मपत्रक

ही कल्पना 'टीके' या साधनसंचात फार स्पष्टपणे दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'टीसीएल' ही भाषा आणि तिच्या जोडीला टीके हा संच घडविला. या कार्यासाठी त्यांना १९९७ सालचा एसीएम संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. पायथन भाषेबरोबर येणाऱ्या 'टीकिंटर' या भागाच्या रूपाने हा संच आजही विद्यार्थ्यांच्या हाती आहे.

टीकेमध्ये बटण तयार करताना त्याचे गुणधर्म सांगता येतात: त्यावरील मजकूर, अक्षरांचा टंक, अक्षरांचा व पार्श्वभूमीचा रंग, कडेची जाडी. हे झाले रूप. त्याच पत्रकात वर्तनाच्याही नोंदी असतात. बटण दाबल्यावर कोणते काम करावयाचे, ते सध्या चालू आहे की बंद, कळफलकावरून तेथे पोहोचता येईल की नाही, हे त्यातच लिहिलेले असते. विशेष हे की, बटण एकदा तयार झाले म्हणजे ते कायम तसेच राहते असे नाही. 'कॉन्फिगर' या आज्ञेने कोणताही गुणधर्म काम चालू असतानाही बदलता येतो. अर्ज सादर होताच बटण बंद करणे, त्यावर 'कृपया थांबा' असे लिहिणे आणि पोच मिळाल्यावर ते पूर्ववत करणे ही सर्व या एका आज्ञेची कामे होत. एवढी साधी काळजी घेतली नाही, तर अधीर अर्जदार तेच बटण तीनदा दाबतो आणि कार्यालयात एकाच अर्जाच्या तीन प्रती जमा होतात.

वर्तनाचे दुसरे उदाहरण गोल आणि चौकोनी खुणांचे आहे. चौकोनी खुणा अनेक करता येतात. गोल खूण मात्र एकच राहते, दुसरी केली की पहिली आपोआप जाते. इंग्रजीत गोल खुणेला 'रेडिओ बटण' म्हणतात, कारण जुन्या मोटारींतील रेडिओचे एक बटण दाबले की आधीचे वर येई. टीकेमध्ये गटातील सर्व गोल खुणा एकाच चलाला जोडलेल्या असतात आणि त्या चलात एका वेळी एकच मूल्य मावते. हे जोडकाम चुकले, तर खूण दिसेल गोल आणि वागेल चौकोनी. मग अर्जदार एकाच वेळी 'विवाहित' आणि 'अविवाहित' ठरावयास हरकत राहत नाही.

अंतिम शब्द कोणाचा?

घटकाचे रूप कोणी ठरवावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक असला तरी मुळात तो अधिकारांच्या वाटणीचा आहे. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत 'एक्स विंडो' प्रणालीचा आरंभ झाला. तिच्यात आज्ञावलीचे रंग व टंक एका वेगळ्या साध्या मजकुराच्या नोंदवहीत लिहिण्याची सोय होती. वापरणाराही स्वतःच्या नोंदवहीत आपली पसंती लिहू शके. 'सर्व बटणे' असा सर्वसाधारण नियम आणि 'अमुक खिडकीतील अमुक बटण' असा विशेष नियम यांत विरोध आला, तर विशेष नियम चाले.

टीकेने हीच परंपरा पुढे चालविली. तेथे नोंदींना अग्रक्रमाचे आकडे आहेत. घटकाच्या मूळ नोंदीला २०, आज्ञावलीच्या आरंभीच्या नोंदीला ४०, वापरणाऱ्याच्या पसंतीला ६० आणि प्रत्यक्ष काम करताना केलेल्या बदलाला ८०. म्हणजे वापरणारा रचनाकारापेक्षा वरचढ ठरतो. परंतु यात एक मेख आहे. रचनाकाराने बटण तयार करतानाच एखादा रंग थेट लिहून टाकला, तर नोंदवहीकडे कोणी पाहतच नाही. वापरणाऱ्याची पसंती तशीच पडून राहते. ज्याची दृष्टी मंद आहे आणि ज्याने मोठी अक्षरे मागितली आहेत, त्याची मागणी अशा वेळी कोणी न नाकारताही फेटाळली जाते. जालपृष्ठांसाठी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सीएसएस' या शैलीनियमांतही लेखक आणि वाचक अशा दोघांच्या नियमांना स्थान देण्यात आले. रचनाकाराने आवश्यक तेवढेच ठरवावे आणि उरलेले वापरणाऱ्यावर सोडावे, हा या सर्व अनुभवाचा बोध होय.

शब्दाची निवड

बटणावरील शब्द हाही एक गुणधर्मच आहे आणि तो चुकला तर इतर सर्व व्यर्थ ठरते. ॲपल कंपनीचा 'लिसा' संगणक तयार होत असताना संमतीच्या बटणावर 'डू इट' असे लिहिले होते. चाचणीस बसलेल्या एका गृहस्थांनी ते बटण दाबण्याचे टाळले आणि ते चिडले. इंग्रजीतील मोठा आय आणि छोटा एल पडद्यावर सारखेच दिसत, दोन शब्दांमधील जागाही अरुंद होती. त्यामुळे त्यांनी ते 'डोल्ट', म्हणजे 'मूर्ख', असे वाचले होते. तेथे 'ओके' हा शब्द आला आणि तो जगभर रूढ झाला. रचनाकारांना न दिसलेली चूक एका सामान्य वापरणाऱ्याने दाखवून दिली.

मराठी अक्षरांची अडचण

मराठी पडद्यांपुढे काही निराळे प्रश्न उभे राहतात. देवनागरी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. रोमन अक्षरांच्या मापाने बटणाची उंची ठरविली की 'पूर्तता' या शब्दातील उकार किंवा रफार कापला जातो. रुंदीचेही तसेच. टीकेमध्ये मजकुराच्या बटणाची रुंदी शून्य या आकड्याच्या रुंदीच्या पटीत मोजतात. इंग्रजी शब्दातील अक्षरे मोजून ती रुंदी नक्की केली आणि नंतर तेथे मराठी शब्द बसविला, तर तो अर्धवट दिसण्याचा संभव असतो. रुंदी सांगितलीच नाही, तर घटक मजकूर पाहून आपली रुंदी स्वतः काढतो. येथे मौन हेच शहाणपणाचे.

अक्षरमोजणीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. युनिकोड संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तेव्हापासून तीत देवनागरीला स्थान आहे. या प्रणालीत 'श्रीकृष्ण' हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसले, तरी संगणक त्यात नऊ चिन्हे मोजतो. नावाच्या चौकटीवर इंग्रजी हिशेबाने मर्यादा घातली, तर मराठी नाव मध्येच तुटते आणि तुटलेले नाव दाखल्यावर छापले जाते. तीच गोष्ट अंकांची. पायथन भाषा '१२' हे देवनागरी आकडे वाचून त्यांचे मूल्य बरोबर काढते. परंतु केवळ इंग्रजी अंक तपासणारी चौकट तेच आकडे नाकारते. शाळेत मराठी अंक शिकलेल्या माणसाला 'चुकीची माहिती' असा शेरा मिळतो. चूक मात्र चौकटीच्या वर्तनाची असते.

सर्वांसाठी पडदा

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा केंद्रीय कायदा माहिती आणि दळणवळणाची साधने सर्वांना वापरता यावीत, अशी अपेक्षा करतो. जालपृष्ठांच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेत किमान ४.५ : १ असे प्रमाण असावे. बंद अवस्थेतील बटणाला या अटीतून सूट आहे. शिवाय कळफलकावरील टॅब कळेने पुढे जाणारी दृष्टिहीन व्यक्ती सामान्यतः बंद बटणावर थांबतच नाही. तिच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. यावर उपाय अवघड नाही. बटण चालू ठेवावे आणि ते दाबल्यावर 'जन्मतारीख भरावयाची राहिली आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगून त्या रकान्याकडे न्यावे. कार्यालयाची खिडकी बंद असेल, तर तेथे पाटी लावण्याची पद्धत आहे. पडद्यावरील खिडकीलाही पाटी हवी.

केवळ रंगावर विसंबणेही योग्य नव्हे. लाल आणि हिरवा हा भेद न कळणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. त्यांच्यासाठी रंगाच्या जोडीला शब्द किंवा खूण असावी. टीकेमध्ये टॅब कळेचा क्रम, वेगळे काही सांगितले नसेल तर, घटक ज्या क्रमाने निर्माण झाले त्या क्रमाने चालतो. मागाहून घातलेला रकाना डोळ्यांना वर दिसला, तरी कळ तेथे शेवटी पोहोचते. हा दोष माऊस वापरणाऱ्याला कधीच जाणवत नाही.

आपल्या हाती काय आहे?

पडदे रचण्याचे काम तंत्रज्ञांचे आहे हे खरे. परंतु ते तपासण्याचे काम प्रत्येकाचे आहे. नवीन अर्जाचा पडदा स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तो माऊस बाजूला ठेवून, केवळ कळफलकावर भरून पाहावा. एक रकाना मुद्दाम रिकामा सोडावा आणि पडदा काय सांगतो ते वाचावे. जोडाक्षरांनी भरलेले लांब नाव लिहावे, अंक देवनागरीत द्यावेत, 'सादर करा' दोनदा दाबावे. या परीक्षेला पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. पंचायत सदस्यांनी गावातील दोन-चार माणसांना, त्यातही एखाद्या वृद्ध व्यक्तीला, अर्ज भरताना शेजारी बसून पाहावे. मात्र मदत करू नये. हात जेथे अडखळेल, ती जागा लिहून घ्यावी व संबंधितांना कळवावी. शिक्षकांना तर टीकिंटरच्या साहाय्याने वर्गातच हा प्रयोग करता येईल. एक बटण, एक चौकट आणि दहा-बारा ओळींची आज्ञावली एवढ्यावर विद्यार्थी रंग, शब्द, अवस्था बदलून पाहू शकतात. रूप बदलणे सोपे आणि वर्तन सुधारणे कठीण, हे त्यांना तेथेच उमगेल.

गावच्या चावडीवर पूर्वी माणूस माणसासमोर उभा राही. अर्जात काही उणे असेल, तर समोरचा तलाठी तोंडाने सांगे. आज त्या जागी अनेकदा पडदा असतो. तो बोलका करावयाचा की मुका ठेवावयाचा, हे गुणधर्मपत्रकातील दोन-चार नोंदींवर ठरते. त्या नोंदी भरताना रिकाम्या हाताने परत जाणारी ती वृद्ध महिला डोळ्यांसमोर राहिली, तर पडद्यावर दिसते तसेच असेल आणि कोणी फसणार नाही.