हंगामाच्या मध्यावर संघ का खचतो?

(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



आजचा विषय प्रथमदर्शनी लहान वाटेल. शाळेचा कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ श्रावणभाद्रपदात जुळतो, केंद्रातले पहिले सामने जिंकतो, गावात त्याचे कौतुक होते. पुढे दिवाळीची सुटी संपल्यावर तोच संघ, तीच मुले, एकामागून एक सामने हरू लागतात. गावकरी विचारतात, "गुरुजी, पोरांना झाले तरी काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर आपण कसे शोधतो, ह्यावर त्या मुलांचे पुढील बरेच काही अवलंबून असते. म्हणून ह्या लहानशा विषयाचा थोडा सावकाश विचार करावा, असे मी योजिले आहे.

कबड्डी आपल्याला परकी नाही. शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत हा खेळ होता. आज तो दूरचित्रवाणीवर घरोघर दिसतो आणि आपल्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक संघांतील खेळाडूंची नावे पाठ असतात. तेव्हा उदाहरण तेथूनच घेऊ.

प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटण हा तरुण खेळाडूंचा संघ अजिंक्य ठरला. साखळीतील २२ सामन्यांपैकी त्याने १७ जिंकले आणि केवळ २ गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे अंतिम सामन्यात त्याने हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात केली. संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा तरुण. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकरावा हंगाम सुरू झाला. पलटणीचा आरंभ चांगला झाला, परंतु पुढे तिची गाडी रुळावरून घसरली. बारा संघांत ती आठव्या क्रमांकावर राहिली आणि बाद फेरीत पहिल्या सहांनाच प्रवेश असल्यामुळे गतविजेता संघ बाहेरच राहिला. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना झाला तो पुण्यातच, बालेवाडी येथे. तो जिंकला हरियाणा स्टीलर्सने, ज्यांना पुण्याने आदल्या वर्षी हरविले होते.

नऊदहा महिन्यांत असे काय घडले? त्या मुलांचे कौशल्य नाहीसे झाले नव्हते. ज्या गोष्टी बाहेरून दिसतात, त्यांतल्या दोन ठळक आहेत. मोहम्मदरेझा शादलू हा इराणी खेळाडू दहाव्या हंगामात पुण्याच्या बचावाचा कणा होता. लिलावानंतर तो हरियाणाकडे गेला. दुसरी गोष्ट, हंगाम चालू असतानाच गुडघ्याच्या दुखापतीने कर्णधार इनामदारला मैदान सोडावे लागले. ह्या दोन गोष्टींनी सर्व उलगडा होतो असे मी म्हणत नाही. पण कबड्डीची रचनाच अशी आहे की, एका माणसाची उणीव तेथे एका माणसापुरती राहत नाही.

हे जरा स्पष्ट करतो. मैदानात सात गडी असतात. मुख्य चढाईपटू बाद झाला की, आपल्या संघाने गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत तो बाहेर बसतो. त्या वेळात दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने काम भागवावयाचे असते. तो कच्चा असेल तर गुण येत नाहीत, मुख्य गडी परत येत नाही, मैदानातली संख्या घटत जाते आणि शेवटी लोण चढतो. लोणाचे दोन गुण वेगळेच जातात. बचावातही तसेच. कोपरारक्षकाने पाय धरला की, शेजारच्याने क्षणात झेप घ्यावी लागते. ही जोडी महिनोन्‌महिने एकत्र खेळून बसते, आणि त्यांतला एक बदलला की दुसऱ्याचीही वेळ चुकू लागते. बघणाऱ्याला वाटते, दोघांचाही खेळ बिघडला.

आता आपल्या शाळेकडे वळू. आपल्या संघातही बहुधा एकच मुलगा चढाया करतो. तो सातवीचा, अंगाने थोराड, धीट असतो. पहिले चार सामने तोच जिंकून देतो. पाचव्या सामन्यापर्यंत शेजारच्या शाळांनी त्याला पाहिलेले असते. तो डाव्या बाजूने शिरतो, बोनस रेषेकडे पाय टाकताना मान खाली घालतो, हे त्यांच्याही गुरुजींनी हेरलेले असते. आपला संघ तेथेच राहिला, प्रतिपक्ष शिकला. ह्याला घसरण म्हणण्यापेक्षा इतरांची प्रगती म्हणणे अधिक योग्य होईल. उपाय उघड आहे. विजयाच्या काळातच दुसऱ्या व तिसऱ्या मुलाला चढाईस पाठवावे. त्यापायी एखादा सामना गेला तरी चालेल.

दुसरे कारण शरीराचे. अकरा ते चौदा हे वय भराभर उंची वाढण्याचे. हाडे वाढतात, स्नायू मागे राहतात. कालपर्यंत चपळ असलेले मूल अकस्मात अवघडल्यासारखे हालते. पुष्कळ मुलांना ह्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखते. ते बहाणा करीत नसतात. अशा मुलाला धावण्या-उड्यांपासून काही आठवडे उसंत द्यावी आणि दुखणे थांबले नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाचा विचार आधी करावा. चढाईनंतर धाप लवकर लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा निस्तेज दिसणे, ही आळसाची लक्षणे नव्हेत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी तिने खरोखर घेतली की दप्तरात ठेवली, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे. मासिक पाळीच्या दिवसांत एखादी मुलगी मैदानावर येण्यास कचरत असेल, तर ते शिक्षिकाभगिनींकडून हळुवारपणे जाणून घ्यावे.

तिसरे कारण आपल्या जिल्ह्याच्या मातीतले आहे, आणि ते कोणत्याही क्रीडापुस्तकात सापडणार नाही. घाटाखाली, पूर्णेच्या काठच्या काळ्या रानात, दसऱ्यापासून कापूस फुटतो. वेचणीला घरातले प्रत्येक माणूस लागते. मूल पहाटे शेतात वाकून वेचणी करते, दहा वाजता शाळेत येते आणि सायंकाळी आपण त्याला सरावास उभे करतो. कंबर आधीच धरलेली असते. घाटावर सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आसपास येते. घाटावरच्या काही गावांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्याबरोबर संघातला एखादा गडी चार-पाच महिन्यांसाठी जातो. ज्या महिन्यांत सामने दाट होतात, नेमके त्याच महिन्यांत मुलांचे श्रम वाढतात आणि संघ विस्कटतो. अशा वेळी "सुटीत पोरे सुस्तावली" हा निष्कर्ष किती अन्यायाचा आहे, हे आपल्या ध्यानी येईल. वेचणीच्या दिवसांत सराव निम्म्यावर आणणे, धावण्याऐवजी उभ्या जागची पकड आणि पायांची ठेवण शिकविणे हे शहाणपणाचे. आणि आई-वडिलांशी आडनिड मुलाला हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवण्याविषयी बोलावयाचे झाल्यास ते गाव सुटण्याच्या आधी, दसऱ्यालाच बोलले पाहिजे. त्यात केवळ चढाईपटू टिकत नाही, विद्यार्थी टिकतो.

चौथ्या कारणाला लोक कारण मानीत नाहीत. ते म्हणजे योगायोग. समजा, एखादा संघ दहांपैकी सहा सामने जिंकण्याच्या योग्यतेचा आहे. तो २२ सामने खेळला, तर त्यात कोठेतरी सलग तीन पराभव येण्याची शक्यता किती? ती निम्म्याहून अधिक आहे. खोटे वाटत असल्यास वर्गात प्रयोग करा. एका डब्यात सहा चिंचोके आणि तितक्याच आकाराचे चार खडे घाला. न पाहता एक काढा, फळ्यावर नोंदवा, परत आत टाका. असे बावीस वेळा करा. चिंचोका म्हणजे जय, खडा म्हणजे पराभव. मुलांच्या दहा गटांना दिले, तर बहुधा पाच-सहा किंवा त्याहून अधिक गटांच्या नोंदीत सलग तीन खडे सापडतील. डब्यातले चिंचोके खचले नव्हते, कोणाची नजरही लागली नव्हती! गणिताचा एक चांगला पाठ होईल आणि संघातील मुलांच्या मनावरचा भारही हलका होईल.

ह्याच्याशी निगडित एक गोष्ट आपणां शिक्षकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. २००२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन ह्यांनी इस्रायलच्या वायुदलातील प्रशिक्षकांचा एक अनुभव सांगितला आहे. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, उत्तम उड्डाणानंतर शाबासकी दिली तर पुढचे उड्डाण बिघडते, आणि वाईट उड्डाणानंतर खडसावले तर पुढचे सुधारते. म्हणून खडसावणेच गुणकारी. काहनेमन ह्यांनी दाखवून दिले की, असाधारण चांगल्या किंवा असाधारण वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा सरासरीकडेच वळते, मग तुम्ही काहीही बोला. आपलेही असेच होते. तीन पराभवांनंतर आपण मुलांना उभे करून बोलतो, चौथा सामना ते जिंकतात आणि बोलण्याचे श्रेय आपण घेतो. तो जय बहुतेक वेळा आपोआप येणारच होता. बोलण्याने जे खरोखर झाले, ते वेगळेच असते.

ते काय असते, ते सांगतो. शेवटच्या चढाईत पकडला गेलेला मुलगा त्या दिवसापासून गावात "याच्यापायी हरलो" म्हणून ओळखला जातो. गुरुजींनीही सर्वांदेखत तेच म्हटले, तर त्याच्या बाजूला कोणी उरत नाही. तो सरावाला येईनासा होतो. ज्या मुलाला शाळेची ओढ केवळ मैदानामुळे होती, तो पुढे शाळेतही येईनासा होतो. हंगाम पुढल्या वर्षी पुन्हा येतो, पण असे मूल परत येईलच असे नाही. म्हणून पराभवाच्या दिवशी कारणमीमांसा करूच नये. मुलांना पाणी द्यावे, जेवू घालावे, सुखरूप घरी पोचवावे. विचार दोन दिवसांनी करावा.

आणि तो विचार आठवणीवर न करता नोंदीवर करावा. त्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक सामन्याला किती चढाया झाल्या, त्या कोणी केल्या, किती गुण आले, पकडी किती यशस्वी झाल्या, लोण कितव्या मिनिटाला चढला, एवढे एखाद्या पाचवीच्या मुलाकडून लिहून घ्यावे. सरावाच्या दिवशी कोण गैरहजर होते आणि का, हेही त्याच वहीत. वही पाहिली की प्रश्न आपोआप वेगळे होतात. गुण कमी झाले ते चढाईत की पकडीत? सामन्याच्या पूर्वार्धात की उत्तरार्धात? उत्तरार्धातच संघ ढासळत असेल, तर दोष बहुधा थकव्याचा. आरंभापासूनच दबून खेळत असेल, तर भीतीचा. एकाच बाजूने गुण जात असतील, तर जोडीचा. आणि काहीच बदललेले दिसत नसेल, तर चिंचोके आठवावेत आणि काही न बदलता खेळत राहावे. उगीच दर सामन्याला गडी व जागा बदलणारा संघ स्वस्थ संघापेक्षा अधिक हरतो, कारण कोणत्याच जोडीला जुळण्यास वेळ मिळत नाही.

पुणेरी पलटणीचे पुढे काय झाले, तेही सांगून ठेवतो. २०२५ च्या बाराव्या हंगामात अस्लम इनामदार परत आला आणि संघाने पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ असा तीन गुणांनी पराभव झाला. आठव्या स्थानावरून एका वर्षात अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्या संघाविषयी, आदल्या वर्षी "संपले हे" म्हणणारे घाईच करीत होते असे म्हणावे लागेल.

व्यावसायिक संघाजवळ वैद्य, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ असतात. आपल्या मुलांजवळ ह्या सर्वांच्या ठायी एकच माणूस आहे, आणि तो आपण आहोत. तेव्हा यंदा आपला संघ मध्येच अडखळला तर प्रथम वही उघडावी, मग मुलाच्या घरी जाऊन यावे. रागवावयाचे असेलच, तर त्यानंतर पाहू.