जंगलाचे तिकीट : पाहुण्यांची पावती आणि घरच्यांचा हक्क

(तरुण संघाच्या उन्हाळी सहलीच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत केलेले भाषण)



यंदाच्या उन्हाळ्यात तरुण संघ ताडोब्याला जाणार आहे. सचिवांनी मला दोन प्रश्न लिहून पाठवले. "दादा, जंगल देवाने निर्माण केले, मग आत जायला एवढे पैसे का? आणि आपण मंडळीचे लोक आहोत, काही सवलत मिळेल का?" पहिला प्रश्न मोठा आहे, दुसरा छोटा. छोट्याचे उत्तर आधी देतो. सवलतीसाठी कोणाकडे वशिला लावू नका. असे का म्हणतो, ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल.

आपण त्याला तिकीट म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो परवाना आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या २७व्या कलमात अभयारण्यात कोणी जावे हे ठरवून दिले आहे. कामावर असलेले सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेले लोक, ज्यांची आत घरे किंवा शेते आहेत ते, या सर्वांवर अवलंबून असलेली माणसे, आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे वाटसरू. बाकी सर्वांना परवाना लागतो. तो कशासाठी द्यायचा हे २८वे कलम सांगते. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, किंवा आत राहणाऱ्या माणसाशी असलेले कायदेशीर काम. त्यासाठी शुल्क घेण्याची तरतूदही तिथेच आहे. ३५व्या कलमाने हेच नियम राष्ट्रीय उद्यानांना लागू केले आहेत.

सिनेमाचे तिकीट काढले की सिनेमा दाखवावाच लागतो. इथे तसे नाही. इथे आपण वाघ विकत घेत नाही, आत पाऊल ठेवण्याची परवानगी घेतो. ती अटींवर मिळते आणि काढूनही घेता येते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर भागातले पर्यटन थांबवले होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यानंतर ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे पाहुण्याचा प्रवेश हा हक्क नाही, ती सोय आहे.

आता व्यवहाराचे बोलू. ताडोब्याचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यातही बंद असतो. आरक्षण आधी करावे लागते आणि ज्या ओळखपत्रावर केले तेच सोबत ठेवावे लागते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी वेगवेगळी फाटके आहेत. ज्या फाटकाचा परवाना, त्याच फाटकातून आत जायचे. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, आणि स्थानिक गाइड बरोबर घ्यावाच लागतो. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात, म्हणून आपण आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊ. खर्चाचे तीन भाग पडतात : प्रवेशाचा परवाना, गाडीचे भाडे आणि गाइडचे मानधन. पुढे मी जे सांगणार आहे त्यासाठी हे तीन भाग ध्यानात ठेवा.

शुल्क असावे का? माझ्या मते असावे. जंगलाला रखवाली लागते, वणवा विझवावा लागतो, उन्हाळ्यात पाणवठ्यांकडे लक्ष द्यावे लागते. फाटक सर्वांना मोफत उघडले, तर रोज हजार गाड्या आत शिरतील आणि वर्षभरात पाहण्यासारखे काही उरणार नाही. तेव्हा शुल्क घेण्याला माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच, की हे घर कोणाचे आहे आणि पाहुण्याने दिलेले पैसे कोणाच्या ताटात पडतात?

ताडोबा हे नाव कुठून आले ठाऊक आहे? गोंड लोक सांगतात, की तारू नावाचा त्यांचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला. लोकांनी त्याला देव मानले. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तिथे जत्रा भरत आली आहे. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आपल्या राज्यातले सर्वांत जुने. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या काळात जंगलाची मालकी, नकाशे, नियम सारे बदलले. पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे कोअरमधून उठून बाहेर वसली. ज्या फाटकावर आपण पावती दाखवणार, त्याच्या आतल्या वाटा या लोकांच्या आज्या-पणज्यांनी पाडल्या आहेत.

कायद्याला हे मान्य आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही धरली आहेत. हक्कांची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हलवू नये, असे त्यात लिहिले आहे. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यातही दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पासाठी आदिवासींचे पुनर्वसन करायचे तर ते स्वेच्छेने आणि परस्परांना मान्य असलेल्या अटींवरच, असे तिने ठरवून दिले. म्हणजे कागदावर घरचा माणूस आणि पाहुणा यांच्यातला फरक स्पष्ट आहे. फाटकावर मात्र तो कधी कधी पुसला जातो.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. जंगलाचे आणि फाटकाचे नाव घेत नाही. आतल्या गावातली एक मुलगी बाहेरच्या गावात दिलेली. वडील आजारी पडले म्हणून ती लेकराला कडेवर घेऊन निघाली. फाटकावरच्या पोराने तिला परवाना मागितला. तिच्या आधार कार्डावर सासरचा पत्ता होता. मागे पर्यटकांच्या जिप्सींची रांग लागली होती. एकेक पावती तपासून गाड्या आत सोडल्या जात होत्या आणि ही बाजूला उन्हात उभी. ती मला म्हणाली, "माज्या बापाच्या घरी जासाठी कोनता कागद लागते जी?" तो पोरगा वाईट नव्हता. तोही शेजारच्याच गावचा, वरून आलेला हुकूम पाळत होता. गावच्या पोलीस पाटलांनी फोन केला तेव्हा तिला सोडले. त्यात दोन तास गेले. ज्याने दोन दिवसांसाठी पैसे भरले त्याला वाट मिळाली, आणि जिचे माहेर आत आहे तिला ओळख पटवावी लागली.

मुंबईहून आलेले आपले हितचिंतक इथे बसले आहेत. त्यांना बोरीवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ठाऊक आहे. रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी तिथे पास मिळतो. पास दाखवायचा, तासभर शुद्ध हवा घ्यायची आणि घरी जायचे. त्याच उद्यानात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. वाघोबाला पुजणारी ही माणसे बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि पाणी, वीज, घर यांच्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करत आहेत. पास काढणाऱ्याला मी दोष देत नाही. फक्त चालताना डावी-उजवीकडे पाहा, एवढेच सांगतो.

आता उन्हाळ्याचे एक गणित तुमच्यापुढे ठेवतो. मार्च, एप्रिल आणि मे या महिन्यांत पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतो, म्हणून सफारीचे आरक्षण मिळणे सर्वांत कठीण असते. याच महिन्यांत मोह पडतो आणि पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. मोहाची फुले पहाटे वेचावी लागतात, कारण उशीर झाला की जनावरे खाऊन टाकतात. त्यामुळे ज्या पहाटे आपली जिप्सी कोअरच्या फाटकावर उभी असते, त्याच पहाटे बफरमधली बाई टोपली घेऊन पायी जंगलात गेलेली असते. ती वाकून फुले वेचते तेव्हा मागून वाघ आला तरी तिला दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात माणसे वाघाच्या तावडीत सापडतात त्यांतली कितीतरी अशीच, मोह, तेंदू, सरपण आणायला गेलेली असतात. वाघ दिसावा म्हणून आपण पैसे देतो आणि वाघ दिसू नये म्हणून ती देवाला विनवते. वाघ जगवण्याची खरी किंमत कोण मोजते, हे या एका पहाटेत कळते.

म्हणून पैशाचा प्रश्न महत्त्वाचा. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली. परिसरातल्या लोकांचा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक विकास साधणे हेही त्याच्या उद्देशांत आहे. गावागावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या आहेत. म्हणजे फाटकावरचा पैसा गावाकडे वळवण्याची यंत्रणा आहे. ती किती चालते हे गावाने विचारावे लागते, आणि गावाच्या पाठीशी आपण उभे राहावे लागते.

इतर देशांत हे कसे केले आहे तेही पाहा. शेजारच्या नेपाळमध्ये उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफर क्षेत्रातल्या लोकांच्या विकासासाठी देता येतो. तसा कायदाच आहे. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड खडक आहे. १९८५ साली ती जमीन तिथल्या अनांगू आदिवासींना परत दिली गेली. त्यांनी ती उद्यानासाठी सरकारला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. आज प्रवेश शुल्कातला २५ टक्के वाटा आणि वार्षिक भाडे अनांगूंना मिळते. उलुरूवर चढणे त्यांना त्यांच्या श्रद्धेमुळे मान्य नव्हते. २०१९ साली ते कायमचे बंद झाले आणि पाहुण्यांनी ते पाळले. घर कोणाचे हे एकदा ठरले, की तिकिटाचा वादही सुटतो.

शुभवर्तमानातला एक प्रसंग इथे आठवतो. कफर्णहूमात मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राकडे आले. तेव्हा प्रभूने पेत्राला विचारले, की राजे कर कोणाकडून घेतात, स्वतःच्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्राने म्हटल्यावर प्रभूने दाखवून दिले, की मग मुले मोकळी आहेत. तरीही कोणाला अडखळण होऊ नये म्हणून त्याने कर भरला. जंगलाच्या फाटकावर आपण परके आहोत. आपण आनंदाने भरावे. पण घरची मुले मोकळी आहेत, हे फाटकावरच्या प्रत्येकाला आठवण करून द्यावे.

म्हणून सहलीला जाताना पाच गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, अधिकृत आरक्षणातूनच परवाना काढा, पूर्ण पैसे भरा आणि पावती घ्या. वशिल्याने वाचवलेला रुपया बुडतो, तो गावाच्या वाट्याचाही असू शकतो.

दुसरी, मुक्काम आणि जेवण शक्यतो गावातल्या घरगुती सोयीत करा. तांदूळ, भाजी, कोंबडी त्याच गावातून घेतली, तर खर्चाचा चौथा भाग तयार होतो आणि तो थेट चुलीपर्यंत पोहोचतो.

तिसरी, गाइडला त्याचे नाव, गाव आणि घरची हकीकत विचारा. ताडोब्यात महिला गाइडही आहेत. वाघ दाखवला तरच बक्षीस, असे करू नका. त्या लोभाने गाडी वाघाच्या अंगावर जाते, आणि नोकरी जाते ती गाइडची.

चौथी, संध्याकाळी गावातल्या समितीच्या लोकांना भेटा. पर्यटनाच्या उत्पन्नातून गावाला काय मिळाले, वनहक्काचे दावे कुठवर आले, हे नम्रपणे विचारा. त्यांना माहिती मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला आपल्यातले शिकलेले तरुण मदत करू शकतात. अर्जावर सही मात्र गावकऱ्यांची असू द्या.

पाचवी, मुलांविषयी. फाटकाजवळ राहूनही ज्यांनी तलाव पाहिलेला नाही अशी मुले आहेत. बफरमधल्या शाळकरी मुलांना आत नेणारा 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम वनविभागाने चालवला आहे. त्यातला 'माझ्या' हा शब्द मला फार आवडतो. आपल्या सहलीत एक जिप्सी जास्त घेऊ या, आणि तिच्यात गावातली सहा मुले बसू देत. गाइडने माहिती सांगून झाली, की त्या मुलांनाही बोलू द्या. झाडांची नावे त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतात.

देवाची सृष्टी पाहायला जाताना आपण नम्रतेने जावे आणि तिथल्या माणसांना ओळखून परत यावे, एवढी बुद्धी प्रभू आपल्याला देवो.